निवृत्तीनंतरची पायपीट : एसटीने जायचे, डबा खायचा, डोंगर हिंडायचा आणि रात्री घरी यायचे

खारपाण (धागाकर्ता) · ६ डिसेंबर

मंडळी, नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून ५८ पूर्ण होताच निवृत्त झालो, त्याला आता तीन वर्षे होत आली. आमचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला आहे. जमीन काळी आणि सपाट, विहिरीचे पाणी खारट, आणि गावात चढ म्हणावा असा एकच, तो म्हणजे मारुतीच्या पाराचा ओटा. मात्र पाऊस उघडला की अंगणातून उत्तरेकडे गाविलगडच्या डोंगराची निळसर रेघ स्पष्ट दिसते. भूगोलाच्या तासाला ती रेघ बोटाने दाखवून 'हा सातपुडा' असे मी पोरांना वर्षानुवर्षे सांगत आलो; स्वतः मात्र दोन लग्नांच्या निमित्ताने परतवाड्यापर्यंत गेलो, तेवढाच.

गेल्या महिन्याच्या शेवटी एका मंगळवारी पत्नीला घेऊन ती रेघ जवळून पाहून आलो. मंगळवार मुद्दाम सांगतो आहे. शनिवार-रविवारी चिखलदऱ्याला मोटारींची रांग लागते आणि खोलीचे, चहाचे, सगळ्याचेच दर चढतात. मंगळवारी तिथे आम्ही, दोन गुराखी आणि वानरे एवढेच होतो. पेन्शनरांजवळ पैसा बेताचा असला तरी मंगळवार भरपूर असतात, हे मला निवृत्तीच्या तिसऱ्या वर्षी उमगले.

पहाटेच्या गाडीने अंजनगाव, तिथून परतवाडा, तिथून घाटाने चिखलदरा आणि पुढे पायी गाविलगड. चिखलदऱ्याचे पठारच मुळी हजार मीटरांहून उंच असल्यामुळे किल्ल्यासाठी फारसे चढावे लागत नाही, उलट वाट काही ठिकाणी उतरतीच आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला, तेव्हा दक्षिणेकडचे कडे हल्ल्याला दाद देणारे नव्हते. म्हणून जड तोफा डोंगरातून ओढत, मोठा वळसा घालून उत्तरेकडे आणाव्या लागल्या होत्या. आम्ही हातात डब्याची पिशवी घेऊन रमतगमत गेलो, ती हीच उत्तरेची बाजू. दिल्ली दरवाजावर दोन डोक्यांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. पत्नीने तो बराच वेळ निरखला आणि 'तोंडे दोन आणि पोट एकच, म्हणजे घरात नुसती बोलाचाली' असा अभिप्राय दिला. आतली तळी, मशीद, बुरूज पाहता पाहता दुपार कलली. तळ्याकाठी भाकरी, झुणका आणि ठेचा खाल्ला आणि तिथपर्यंत सगळे छान होते.

परतताना पत्नीचे टोंगळे, म्हणजे गुडघे, बोलू लागले. चढावर ती माझ्यापुढे होती. दगडी उतारावर मात्र पाय टेकवताना तिच्या तोंडून आवाज निघू लागला. दर पन्नास पावलांवर बसत बसत स्थानकावर आलो, तर परतवाड्याची गाडी निघून अर्धा तास झाला होता आणि नंतर गाडी नव्हती. चूक आमचीच, सकाळी उतरताना परतीची वेळ आम्ही विचारलीच नव्हती. मग एका काळीपिवळीत चौदा माणसे आणि बटाट्याची दोन पोती यांच्यामध्ये बसून घाट उतरलो, अंजनगावपर्यंत कशीबशी गाडी मिळाली आणि तिथून पुतण्याने मोटारसायकलच्या दोन फेऱ्या करून आम्हाला घरी आणले. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. जीपचे पैसे धरूनही दोघांचा दिवसाचा खर्च साडेसातशेच्या आत राहिला, पण पुतण्या अजून बोलून दाखवतो.

असे महिन्यातून एकदा जावे, असा आमचा विचार आहे. गुडघ्यांचे काय करावे, परतीच्या गाडीचे गणित कसे बसवावे, मुक्काम करायचाच झाला तर स्वस्तात कुठे करावा आणि आमच्या वयाला झेपतील असे वऱ्हाडातले व एकूण विदर्भातले डोंगर कोणते, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. 'गुरुजी रिकामे झाले, आता डोंगर मोजतात' असे पारावर म्हणतात. त्याचे उत्तर मी शोधलेले आहे, ते नको.

डबलबेल · ६ डिसेंबर

गुरुजी, मी राज्य परिवहनमध्ये ३१ वर्षे कंडक्टर होतो. तुमची गाडी चुकली हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही, कारण घाटावर फिरायला गेलेल्यांपैकी निम्मे लोक जाण्याची गाडी चौकशीत तीनदा विचारतात आणि येण्याची एकदाही विचारत नाहीत. नियम उलटा आहे. आधी परतीची शेवटची गाडी विचारायची, तिच्या आधीची कोणती तेही विचारायचे, आणि आपण त्या आधीच्या गाडीने येणार असे धरून दिवस आखायचा. शेवटची गाडी ही अडीनडीला राखून ठेवायची असते.

दुसरी गोष्ट मुक्कामी गाडीची. संध्याकाळी आगारातून निघून आडगावी जाणारी, रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे परत फिरणारी गाडी प्रत्येक तालुक्यात असते. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात. डोंगराच्या पायथ्याच्या गावात ओळखीचे घर, शाळेचा वऱ्हांडा किंवा देवळाची धर्मशाळा यांपैकी काही मिळणार असेल, तर मुक्कामी गाडीने जाण्यासारखे स्वस्त आणि सोयीचे दुसरे काही नाही, कारण सकाळी उजाडताच तुम्ही वाटेवर असता. मात्र ती पहाटेची फेरी तुमच्या कामाची नाही. परतीसाठी दुपारची गाडी आहे ना, हे वेगळे विचारून ठेवावे.

तिसरी गोष्ट निळ्या गाड्यांची. मानव विकास योजनेच्या गाड्या शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी असतात. बाकी प्रवाशांनाही त्यांतून जाता येते, पण शाळेला सुटी असली की त्या फेऱ्या बंद. खेड्यातला माणूस 'गाडी रोज येते' असे सांगतो, तेव्हा त्याच्या मनात शाळेचे दिवस असतात. दिवाळीच्या सुटीत किंवा रविवारी एखाद्या फाट्यावर दोन तास उभे राहिल्याशिवाय हे कळत नाही.

सवलतीचे साधे गणित असे आहे. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना वयाची अट न लावता अर्धे तिकीट आहे. पुरुषांना ६५ ते ७५ या वयात अर्धे तिकीट लागते आणि ७५ पूर्ण झाले की ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. म्हणजे गुरुजी, तुमच्या घरी आणखी चार वर्षे वहिनींचे अर्धे आणि तुमचे पूर्णच राहील. ओळखपत्र मूळ ठेवावे. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते. मुलताई, बैतूल, पचमढी असे जायचे झाल्यास हद्दीपलीकडचे पूर्ण भाडे मोजावे लागते. 'आवडेल तेथे प्रवास' या योजनेचा चार किंवा सात दिवसांचा पासही मिळतो. तो रोज गाडी बदलणाऱ्याला परवडतो; एका जागी दोन दिवस थांबणाऱ्याने काढू नये. शेगाव, लोणार, सिंदखेड राजा अशी फेरी लागोपाठ करायची असेल, तर आधी कागदावर भाड्यांची बेरीज करावी आणि मगच पास घ्यावा.

मेहकरची_सिस्टर · ७ डिसेंबर

मी ग्रामीण रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले आहे. वय ६३, रक्तदाबाची गोळी रोज एक. वहिनींना चढावर काही झाले नाही आणि उतारावर झाले, यात नवल नाही. चढाला दम लागतो आणि उताराला गुडघा लागतो. उतरताना शरीराचे सगळे वजन वाकलेल्या गुडघ्यावर येते आणि ते तोलून धरण्याचे काम मांडीच्या पुढच्या स्नायूंना करावे लागते. शेतात सपाटीवर आयुष्यभर चाललेल्या माणसाचेही ते स्नायू उतरण्याच्या कामाला सरावलेले नसतात.

यासाठी दोन महिने आधीपासून रोज करण्यासारखे दोन व्यायाम आहेत. खुर्चीवर बसून एक पाय सरळ समोर ताठ करायचा, दहा अंक मोजायचे आणि सावकाश खाली आणायचा. दोन्ही पायांनी पंधरा-पंधरा वेळा. दुसरा म्हणजे घराच्या ओट्यावरून एक पायरी खाली उतरण्याचा, पण अगदी सावकाश, टाच आवाज न करता टेकेल असा. डोंगरावर उतरताना पावले लहान टाकावीत, सरळ खाली न येता नागमोडी यावे आणि काठी आधी टेकवून मग पाय टाकावा. काठी वेळूची चालते, विकतची लागत नाही. ताठ उभे राहून काठी धरल्यावर कोपर काटकोनात राहील एवढी तिची उंची असावी. बूट बोटभर सैल घ्यावेत आणि जाण्याच्या आदल्या दिवशी पायांची नखे कापावीत. उतारावर नख बुटाच्या टोकाला आपटून काळे पडते, आणि मग महिनाभर चप्पलसुद्धा नको होते. गुडघा सुजत असेल, आत अडकल्यासारखा होत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे; तिथे माझे व्यायाम पुरणार नाहीत.

पाण्याबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण दवाखान्यात उन्हाळ्याचे रुग्ण मी फार पाहिले आहेत. वय वाढते तशी तहान कमी लागते, म्हणजे शरीराला पाणी हवे असते आणि जीभ ते सांगत नाही. तहानेची वाट न पाहता अर्ध्या तासाने दोन-चार घोट घ्यावेत. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घरीच मीठसाखरेचे पाणी करता येते. साखरेचा त्रास असणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. ती गोळी त्या दिवशी केव्हा घ्यावी, हेही डॉक्टरांनाच विचारावे, पण मनाने बंद करू नये. आपल्याकडे फेब्रुवारी संपला की डोंगर मिटवून ठेवावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो त्या मुलखात 'सकाळी लवकर जाऊन येऊ' हा हिशोब नऊ वाजताच चुकतो. घाम येणे थांबले, अंग तापले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात आहे. सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा.

जाता जाता आमच्या लोणारबद्दल सांगते. उल्का आदळून झालेले ते विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे आणि पायी फिरणाऱ्यासाठी तो उलटा डोंगर आहे. आधी उतार येतो, तेव्हा गुडघे ताजे असतात, आणि थकल्यावर चढ येतो. वहिनींच्या गुडघ्यांना हा क्रम सोयीचा पडेल. उतरायला गोमुखाच्या धारेकडची वाट, तळाशी कमळजा देवीचे देऊळ. फक्त चढायला दुप्पट वेळ राखावा आणि ऊन वर येण्याआधी बाहेर पडावे. विवराच्या पोटात वारा लागत नाही.

कोरडवाहू · ९ डिसेंबर

धागा चांगला आहे, पण शीर्षकातल्या एका शब्दापाशी मी अडखळलो. निवृत्ती ही नोकरदाराची असते. माझे वय ६७, पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. मला कोणी निरोपाचा नारळ दिलेला नाही आणि देणारही नाही. आमच्या पायपिटीला पंचांग आहे: सोयाबीन निघाल्यावर आणि कपाशीचा पहिला वेचा होण्याआधी चार दिवस, तूर निघाल्यावर आठ दिवस, आणि श्रावणात निंदण-डवरण मार्गी लागले असेल तर महादेव.

तुम्ही ज्याला आता ट्रेकिंग म्हणता, ते विदर्भातले शेतकरी आणि मजूर पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, फक्त त्याला कोणी ते नाव दिले नाही. श्रावणात नागपंचमीच्या आधीचे दहाएक दिवस पचमढीच्या डोंगरातली नागद्वारीची वाट उघडते. तो भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो, त्यामुळे वर्षातले तेवढेच दिवस. मी बावीस वेळा गेलो आहे. वाट दिवसभराची, पावसाने निसरडी, मध्ये लोखंडी शिड्या, पुढे पद्मशेषाची गुहा. शिडीवर एका वेळी एक पाय वर जातो, मागच्याची डोकी तुमच्या टाचेखाली आणि पुढच्याच्या धोतराचे पाणी तुमच्या तोंडावर. ऐंशी वर्षांची म्हातारी त्या शिडीवर 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव' म्हणत चढताना मी पाहिली आहे. तिच्या पायात प्लास्टिकची चप्पल होती आणि कमरेला दोरीने बांधलेले शिध्याचे गाठोडे होते.

खर्चाचे म्हणाल तर आम्ही गावातले बारा-पंधरा जण मिळून गाडी करतो, पीठ, डाळ, तेल घरून नेतो, आणि वाटेत विदर्भातल्या मंडळांचे भंडारे असतात तिथे पंगतीला बसतो. महाशिवरात्रीला जाणारे पचमढीच्याच चौरागडावर खांद्यावरून त्रिशूळ वाहून नेतात. तिथे तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. पण गुरुजी, पहिल्याच वर्षी नागद्वारीला वहिनींना नेऊ नका. गर्दी फार असते आणि तिथे दर पन्नास पावलांवर बसता येत नाही, मागची रांग तुम्हाला बसू देत नाही.

सूतगिरणी · ९ डिसेंबर

कोरडवाहू भाऊंच्या पुढे एक पायरी माझी. मी गिरणीतून निवृत्त झालो. कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे, आणि माझी त्याहून फार वर नाही. गुरुजींचे साडेसातशे म्हणजे माझा अर्ध्याहून अधिक महिना. म्हणून मी दारातून निघणारी वाट धरतो. गावाबाहेरची पांदण, तिथून नाला, नाल्यापलीकडची टेकडी, टेकडीवरचे मरीमायचे ठाणे आणि परत. तीन तास लागतात आणि खर्च शून्य. आठवड्यातून चार दिवस जातो. एकच टेकडी वर्षभर पाहिली की पळस कोणत्या आठवड्यात फुलतो आणि कोणत्या झाडावर माकडे झोपतात, हे कळायला लागते. वर्षातून एकदा शेगाव, पायी. तेवढे पुरते.

खारपाण · १० डिसेंबर

सगळ्यांचे आभार. कोरडवाहू भाऊ, तुमची हरकत मान्य आहे. शीर्षक आता बदलता येत नाही, पण पुढे 'निवृत्तीनंतर' हा शब्द जपून वापरीन. सिस्टरताईंचा ओट्यावरून उतरण्याचा व्यायाम घरी सुरू झाला आहे आणि मारुतीच्या पारावरही त्याची चर्चा आहे. डबलबेल भाऊ, अकोटहून नरनाळा करायचा असेल तर तो आमच्या वयाला कसा आहे?

शहानूरवाट · १२ डिसेंबर

नरनाळ्याबद्दल मी सांगतो, कारण माझे गाव त्याच बाजूला आहे. पायथ्याचे गाव शहानूर. किल्ला मेळघाटच्या संरक्षित जंगलात येत असल्यामुळे वनविभागाच्या नाक्यावर नोंद करून आणि शुल्क भरूनच आत जाता येते, आणि संध्याकाळी परत यावे लागते. पायी कुठवर सोडतील आणि गाडी कुठे घ्यावी लागेल, हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे. वनविभागाचे नियम हंगामाप्रमाणे बदलतात आणि नाक्यावर वाद घालून काही उपयोग नसतो.

आत गेल्यावर मात्र दिवस कमी पडतो. जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड असे तीन किल्ले एकमेकांना जोडून आहेत. महाकाली दरवाजापाशी अर्धा तास नक्की ठेवावा. १४८७ सालच्या या दरवाजाचे सज्जे, जाळ्या आणि त्यावरचे कोरीव लेख पाहिले की वऱ्हाडात एवढे नाजूक काम कोणी केले असेल, असे वाटत राहते. पुढे नऊगजी तोफ आहे. माझ्या मते एकट्या दरवाजाचा विचार केला तर गाविलगडाहून नरनाळा सरस आहे; गाविलगडच्या मंडळींनी रागावू नये.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. गवतातून चाललात तर घरी येताच कपडे बाहेर काढून अंग तपासावे, गोचीड कानामागे आणि काखेत बसते. आणि मार्च-एप्रिलमध्ये मोह गळत असताना पहाटे जंगलात पायी हिंडू नये. मोहफुले खायला अस्वल येते, ते खाली मान घालून खात असते आणि आपण जवळ जाईपर्यंत त्याला आपली चाहूल लागत नाही. मग ते घाबरून पळत नाही, अंगावर येते.

लेक_यवतमाळची · १५ डिसेंबर

मी नोकरीनिमित्त पुण्यात असते आणि वडील गावी. त्यांचे वय ७० आहे. हा धागा त्यांनीच मला पाठवला, याचा अर्थ मी काय समजायचा ते समजले. त्यांनी फिरावे असे मलाही मनापासून वाटते, परंतु मागच्या महिन्यात ते सकाळी सात वाजता एकटे निघाले आणि रात्री आठपर्यंत त्यांचा फोन लागत नव्हता. ते तेरा तास मी कसे काढले ते माझे मला माहीत. मोबाइलला रेंज नसलेल्या भागात जाणाऱ्यांच्या घरच्यांनी काय करावे, हेही कोणी लिहावे.

डबलबेल · १५ डिसेंबर

ताई, तुमच्या वडिलांना सांगा की कंडक्टर जसा वेबिल भरतो तसा एक कागद भरायचा. कुठे जातो, कोणत्या वाटेने, पायथ्याचे गाव कोणते, परतीची गाडी किती वाजता आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. एक कागद घरी भिंतीवर आणि दुसरा पायथ्याच्या चहाच्या टपरीवर, तुमच्या फोन नंबरासह. टपरीवाल्याला परतताना चहाचे पैसे द्यायचेच असतात, म्हणून दोघेही एकमेकांना विसरत नाहीत. वेळ ठरवताना मात्र तासभर जास्तीचा लिहावा, नाहीतर गाडी पंक्चर झाली तरी घरी रडारड.

सालेकसा_लोकल · १९ डिसेंबर

सगळी चर्चा वऱ्हाडाची आणि एसटीची चालली आहे, म्हणून झाडीपट्टीतून आगगाडीचे दोन शब्द. मी ६४ वर्षांची आहे. यजमान गेल्यानंतर पहिली दोन वर्षे घराबाहेर पडले नाही. नंतर आमच्या बचत गटातल्या पाच जणींनी मिळून महिन्याला शंभर रुपये वेगळे टाकायला सुरुवात केली आणि त्या पैशांतून वर्षात तीन-चार फेऱ्या होतात.

रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. त्याआधी स्त्रियांना ५८ नंतर ५० टक्के आणि पुरुषांना ६० नंतर ४० टक्के सूट होती. तिच्या नावाने अजून हळहळणाऱ्यांना मी सांगते की जवळच्या अंतराला साध्या पॅसेंजरचे तिकीट आजही इतके कमी आहे की सवलत आठवू नये. लांबच्या प्रवासाला स्लीपर काढताना वय नीट भरावे. ४५ वर्षांपुढच्या स्त्रियांना आणि ६० वर्षांपुढच्या पुरुषांना खालचा बर्थ शिल्लक असेल तर दिला जातो.

गोंदियाहून डोंगरगडच्या दिशेने जाणाऱ्या लोकलने सालेकसा किंवा दरेकसा गाठता येते. तिथून धनेगाव, आणि धनेगावहून वर कचारगडची गुहा. गोंडी समाजाचे ते फार मोठे श्रद्धास्थान आहे. माघ पौर्णिमेच्या कोयापुनेम यात्रेला अनेक राज्यांतून लोक येतात आणि वाटेवर भेटणारा प्रत्येक जण 'जय सेवा' म्हणतो, तसे आपणही म्हणावे. यात्रेच्या दिवसांत गर्दी असते पण सोबत भरपूर मिळते. इतर दिवशी शांतता असते, पण गावातला माणूस बरोबर घेतल्याशिवाय जाऊ नये. गुहेचे तोंड एवढे मोठे आहे की आम्ही पाच जणी आत उभ्या राहिलो तेव्हा एखाद्या रिकाम्या धान्यगोदामात हरवलेल्या कोंबड्यांसारख्या दिसत असू. जवळच हाजरा धबधबा आहे. भंडाऱ्याकडे, तुमसर तालुक्यातला आंबागडही आमच्या पायांना झेपला. १७०० च्या सुमारास बांधलेला तो गोंडकालीन किल्ला आहे आणि चढ बेताचा आहे.

मुक्कामाविषयी गुरुजींनी विचारले होते. देवस्थानांचे भक्तनिवास स्वस्त आणि स्वच्छ असतात. शेगावचे तर सर्वांना माहीत आहेत. पण एक अनुभव लिहिलाच पाहिजे. एका तीर्थाच्या गावी मी एकटीच दोन दिवस आधी पोहोचले, तेव्हा तिथल्या एका लॉजवाल्याने 'एकट्या बाईला खोली देत नाही' असे सांगितले. माझे केस पांढरे, हातात ओळखपत्र, पिशवीत पोथी. मी त्याला विचारले की बाबा, तुला माझी भीती कसली वाटते? त्याला उत्तर आले नाही आणि खोलीही मिळाली नाही. त्या रात्री स्थानकावरच्या महिला प्रतीक्षालयात बसून राहिले. तेव्हापासून एकटीने निघाले तर आधी फोन करून 'एकटी आहे, चालेल का' हे स्पष्ट विचारते आणि होकार देणाऱ्याचे नाव लिहून घेते. पुरुषांना हा खर्च पडत नाही, म्हणून त्यांच्या हिशोबात तो येत नाही.

मेहकरची_सिस्टर · १९ डिसेंबर

ताई, पुढच्या फेरीला सहावी जागा असेल तर मला कळवा. शंभर रुपये मीही भरते.

खारपाण · २८ जानेवारी

मधल्या काळात पेन्शनची कामे आणि हरभऱ्याची राखण यांत धाग्यावर येता आले नाही, पण दुसरी फेरी झाली, तिचा वृत्तान्त देणे कर्तव्य आहे.

गेल्या बुधवारी सालबर्डीला गेलो. मोर्शीपासून जवळच, माडू नदीच्या काठी, अर्धे गाव महाराष्ट्रात आणि अर्धे मध्य प्रदेशात. वर डोंगरात महादेवाची गुहा आहे आणि शिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. आम्ही यात्रेआधीच गेलो, त्यामुळे पायऱ्या मोकळ्या होत्या. वेळूच्या दोन काठ्या घरून नेल्या होत्या. गाडीत त्या कुठे ठेवायच्या यावरून कंडक्टरशी थोडे बोलणे झाले, शेवटी त्याने त्या ड्रायव्हरच्या मागे उभ्या करून दिल्या.

उतरताना मी मुद्दाम मागे राहून पाहिले. काठी, मग पाय, मग दुसरा पाय. पावले वीतभर आणि वाट नागमोडी. सात आठवड्यांच्या ओट्याचा गुण आला असावा. दोनदा थांबलो, तेही एकदा माझ्यासाठी. खाली नदीत पाय सोडून बसलो तेव्हा तिने टोंगळ्यांवर हात फिरवून 'आहेत' एवढेच सांगितले. डब्यात पाटोडी होती. खर्च दोघांचा मिळून पाचशेच्या आत, आणि पुतण्याला बोलवावे लागले नाही.

एक राहिले. सकाळी मोर्शीहून सालबर्डीच्या गाडीतून मी आधी उतरलो आणि डोंगराकडे पाहत उभा राहिलो. पत्नी उतरेना, म्हणून मागे वळलो, तर ती दारातल्या पायरीवर उभी राहून कंडक्टरला परतीच्या गाड्या विचारत होती. शेवटची नव्हे, तिच्या आधीची.

डबलबेल · २८ जानेवारी

वहिनींना आमच्या खात्यात घ्यायला हवे होते. गुरुजी, तूर निघाली की कोरडवाहू भाऊ मोकळे होतील आणि फेब्रुवारी संपायच्या आत नरनाळा उरकायचा आहे. मधला वार धरू. अकोट स्थानकात, चौकशीच्या खिडकीसमोर, सकाळी साडेसातला मी असेन. शहानूरवाट भाऊंनी नाक्यावर आदल्या दिवशी विचारून इथे लिहावे. सूतगिरणी भाऊ, तुम्हीही निघा. वय ६५ झाले असेल तर तिकीट अर्धे, आणि डब्याचे मी पाहतो.